वेलांटीपुरता अधिकार

आमच्या सोसायटीत माणसांना आडनावं आहेत, पण ती फक्त खालच्या लेटरबॉक्सवर. एरवी सगळा कारभार फ्लॅट नंबरांवर चालतो. ‘चारशे दोनकडे गळतंय’, ‘एकशे पाच गावाला गेलेत’, ‘दोनशे तीनच्या मुलीचं ठरलं बरं का’. मी सातशे एक. निवृत्त, पहाटे उठणारी आणि फोनवर मराठी टाइप करता येणारी. या तीन गुणांवर मला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिन केलं गेलं. रीतसर निवड वगैरे काही झाली नाही. सर्वसाधारण सभेत चहा यायच्या आधी कुणीतरी म्हणालं, “मॅडम पेपरात होत्या की!” आणि तेवढ्यात चहा आला.

पेपरात मी होते हे खरं. पेपरात कुठे, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी मुद्रितशोधक होते. संपादकांनी देशाला दिशा दाखवायची आणि आम्ही ‘दिशा’ची वेलांटी पाहायची, अशी कामाची वाटणी होती. त्यातही माझी निम्मी नोकरी निधनवार्ता आणि छोट्या जाहिराती वाचण्यात गेली. रोज पंचवीस-तीस माणसं माझ्या टेबलावरून शेवटच्या प्रवासाला जात आणि मी त्यांचे ऱ्हस्वदीर्घ नीट करून त्यांना पुढे पाठवत असे. हा अनुभव पुढे व्हॉट्सअ‍ॅपच्या कामी येईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आमची सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडला. इथे दोन गोष्टी भरपूर आहेत, टॉवर आणि टँकर. ग्रुपवर पहाट होते ती पावणेपाचला. सहाशे एकचे निवृत्त संस्कृत शिक्षक एक सुभाषित टाकतात. अर्थ देत नाहीत. तो विचारायला कुणीतरी येईल या आशेवर ते दिवसभर असतात. पाच वाजता पाचशे एकचे ‘श्री स्वामी समर्थ’, मागे लुकलुकणाऱ्या समईसकट. मग तीनशे चारचं ‘जय जिनेंद्र’, दोनशे तीनचं ‘जय भीम, सुप्रभात’, शेगावकडच्या सहाशे तीनचं ‘गण गण गणात बोते’. गुरुवारी ‘साईराम’ची भर पडते, शुक्रवारी तीनशे दोनचं ‘जुम्मा मुबारक’, रविवारी एकशे पाचचं बायबलमधलं एखादं वचन. ज्यांना यातलं काहीच नको असतं, ते गुलाबाचं फूल आणि वाफाळता चहा पाठवतात. हा गुलाब-चहा पंथ आमच्याकडे बहुसंख्य आहे आणि आपण धर्मनिरपेक्ष आहोत असा त्याचा समज आहे. भारतातले फोन सुप्रभाताच्या चित्रांनी तुंबतात, हे गूगलच्याही लक्षात आलं होतं आणि ती चित्रं हुडकून काढून टाकायची सोय त्यांनी एका अ‍ॅपमध्ये केली होती. आमच्या पाचशे एकनी ते अ‍ॅप घेतलं. त्याने एकशे पाचची वचनं पुसली, समया तशाच ठेवल्या. याला ते स्वामींची लीला म्हणतात.

या सगळ्यात रोज एक निरीश्वरवादी निरोपही येतो. चारशे दोनचा. ते पाणी समितीचे प्रमुख. ‘टँकर ७.३०. मोटर ८ पर्यंत. नंतर पाणी नाही.’ ना फूल, ना समई.

एका सोमवारी हा निरोप देवांच्या गर्दीत बुडाला. चार घरांत पाणी गेलं, त्यात पाचशे एकही होते आणि ते नेमके डोक्याला साबण लावून उभे होते. या अवस्थेत कोणत्याही धर्माच्या माणसाची सहिष्णुता कमी होते. त्यांनी ओल्या हाताने ग्रुपवर विचारलं, “वेळ आधी कळवायला काय होतं?” चारशे दोननी लिहिलं, “कळवली होती. पण पाण्याची वेळ शोधायला सत्तावीस देव ओलांडावे लागतात.”

“देवांना ओलांडायचं नसतं. नमस्कार करायचा असतो.”

“नमस्काराने टाकी भरते का?”

पुढचे दोन तास मी सांगत नाही. आपापल्या ग्रुपवर तुम्ही ते वाचलेले आहेत. दुपारी पाचशे एकनी ग्रुप सोडल्याची करडी ओळ उमटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांच्या सौभाग्यवतींचा मला फोन, “यांना परत घ्या हो, टँकर किती वाजताय ते कळत नाही.” भावना दुखावली तरी पाणी लागतंच. मला एकदम टिळक-आगरकर आठवले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघे डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस बरोबर होते. पुढे त्यांचं पटलं नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या एकशे एक दिवसांत ग्रुप सोडायची सोय कुणालाच नव्हती. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं. आमच्याकडे दोन तासांचे फक्त स्क्रीनशॉट उरले.

चारशे दोननी रीतसर मागणी केली, “ग्रुपवर धार्मिक संदेश बंद.” समितीने ती मान्य केली आणि ‘धार्मिक’ची व्याख्या करायचं काम माझ्यावर टाकलं. मी वही घेऊन बसले. ‘श्री स्वामी समर्थ’ बंद, ठीक. ‘राम राम’? मग दूधवाल्याशी बोलायचं काय? ‘जय भीम’ हा धर्म, की अभिवादन, की स्वाभिमान? दोनशे तीन म्हणाले, “तिन्ही. कुठलं बंद करताय ते सांगा.” ‘शुभ दीपावली’? ‘शुभ सकाळ’मधलं ‘शुभ’ कुठल्या पंचांगातून आलं? मोटर जळाली तेव्हा खुद्द चारशे दोननी ‘अरे देवा’ लिहिलं होतं, त्याचा पुरावा पाचशे एकनी तारखेसकट काढला. चारशे दोन म्हणाले, “बरं, निदान कुणी गेलं तर कैलासवासी-वैकुंठवासी नको. ‘दिवंगत’ म्हणू. निर्मळ शब्द.” यावर सहाशे एकच्या शिक्षकांना कित्येक वर्षांनी कुणीतरी अर्थ विचारल्यासारखं झालं. “दिवं गत,” ते म्हणाले, “म्हणजे स्वर्गाला गेलेला.” चारशे दोन बराच वेळ काही बोलले नाहीत.

वहीत शेवटी तीनच निर्धोक मजकूर उरले, ‘हो’, ‘नाही’ आणि ‘टँकर आला’.

त्या रात्री मला माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं. साल १९८३. निधनवार्तेच्या एका मजकुरात नावाआधी ‘कालकथित’ असा शब्द होता. मी तोवर तो पाहिला नव्हता. मला वाटलं, जुळाऱ्याचा घोटाळा. मी तो खोडला आणि सुवाच्य अक्षरात ‘कैलासवासी’ लिहिलं. चूक पकडल्याचा आनंद घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी चाळिशीचे एक गृहस्थ कात्रण घेऊन आले. गिरणीतली पाळी संपवून आले असावेत. शर्टाच्या बाहीला कापसाचा तंतू चिकटलेला होता. आवाज चढवला नाही. कात्रण माझ्या टेबलावर सरळ करून ठेवलं आणि त्या एका शब्दावर बोट टेकवून म्हणाले, “बाई, माझे वडील तिकडे गेलेले नाहीत. छप्पन साली ते नागपूरला गेले होते.”

मी मान वर केली नाही. १४ ऑक्टोबर १९५६. बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. त्या माणसाने ती घेतली, सत्तावीस वर्षं पाळली, आणि मी पेनाच्या एका फटकाऱ्यात त्याला थेट महेशाच्या घरी पोचवलं. तेही शुद्धलेखन म्हणून.

आमचे मुख्य मुद्रितशोधक उठून आले. त्यांनी त्या गृहस्थांना खुर्ची दिली, चहा मागवला, उद्याच्या अंकात दुरुस्ती छापू असं सांगितलं. ते गेल्यावर चष्मा कपाळावर ढकलून मला एवढंच म्हणाले, “वेलांटी तुमची, मुक्काम त्यांचा.”

मग मी तो रकाना नव्याने वाचायला शिकले. कै. म्हणजे कैलासाला, वै. म्हणजे वैकुंठाला, नावाआधी ह.भ.प. असेल तर पुढे वै. येणार हे ठरलेलंच. पैगंबरवासी. ख्रिस्तवासी. कालकथित. कुणाला ‘देवाज्ञा झाली’, कुणी नुसतंच ‘निधन पावले’. हल्ली ‘स्मृतिशेष’ही येतो, त्यात माणूस कुठेच जात नाही, आपल्यातच राहतो. एकाच रकान्यात, एकाच टंकात, एकाखाली एक सगळे निजलेले असत. खालच्या ओळीने वरच्या ओळीला कधी ‘तुझा कैलास कुठे आहे, दाखव’ असं विचारलं नाही. वरचीने खालचीला ‘देव तुला सद्बुद्धी देवो’ म्हटलं नाही. मराठीतला इतका शांत शेजार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हे सगळं आठवल्यावर दुसऱ्या दिवशी मी वहीतली यादी फाडली. ग्रुपचे दोन केले. एक ‘फक्त सूचना’. यात मी आणि चारशे दोन एवढेच लिहू शकतो. ही सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ पासून दिलेली आहे आणि तिचा शोध मला सहावीतल्या एका मुलाने लावून दिला. दुसरा ‘कट्टा’. तिथे आपापला मुक्काम जो तो सांगेल, मी फक्त वेलांटी पाहीन.

माझा अधिकार तेवढाच आहे, हे पुढे न्यायालयाच्या एका निकालातूनही कळलं. ग्रुपवर सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात म्हटलं. अ‍ॅडमिनच्या हाती माणसं घेणं आणि काढणं, एवढंच, असं त्यात म्हटलं होतं. हा निकाल चारशे दोननीच मला पाठवला, वर लिहून, “ताई, आता निर्धास्त झोपा.” निर्धास्त काही झोपले नाही. जबाबदारी नाही म्हणून काळजी संपते, असं कायद्यात कुठे लिहिलंय?

वेलांटी पाहायची म्हणजे काय, हेही हळूहळू कळत गेलं. मुद्रितशोधक कधी मजकुराच्या मधोमध दुरुस्ती करत नाही. तो ओळीत एक बारीकशी खूण करतो आणि दुरुस्ती बाजूच्या समासात लिहितो. कट्ट्यावर कुणाचं चुकलं तर मीही समासात जाते, म्हणजे वेगळा, खासगी निरोप. चारशे दोनना सवय होती, कुणी ‘स्वामींनी वाचवलं’ लिहिलं की खाली ‘पुरावा?’ असा एकच शब्द टाकायचा. मी समासात लिहिलं, “ते निष्कर्ष सांगत नाहीयेत, सुटका सांगताहेत. त्यांचा मुलगा अपघातातून वाचलाय.” त्यांनी तो शब्द काढला. दुसरीकडे २० ऑगस्टला चारशे दोन दरवर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा फोटो टाकतात. २०१३ साली त्या सकाळी ते पुण्यात फिरायला बाहेर पडले होते आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या फोटोखाली पाचशे एकनी लिहिलं, “देव सर्वांना सद्बुद्धी देवो.” पुन्हा समास: “काका, वाक्य शुद्ध आहे. जागा चुकलीये.” अर्ध्या तासाने तिथे ‘हा संदेश काढून टाकला आहे’ ही ओळ आली आणि खाली नुसते जोडलेले हात. न मानणाऱ्याचंही काही मानणं असतं आणि तेही दुखतं, हे पाचशे एकना मी समजावलं असं नाही. जागा चुकली एवढं त्यांना पुरलं.

पण अशा टोमण्यांना मी फार भीत नाही. आपल्याकडे याहून कडाक्याची भांडणं साहित्यात बसलेली आहेत. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघे एकमेकांच्या देवाची, पूजेची, प्रार्थनेची अशी काही हजेरी घेतात की आजचा कुठलाही अ‍ॅडमिन पाच मिनिटांत दोघांनाही काढून टाकेल. नाथांनी कुणाला काढलं नाही. दोघांना पुरतं बोलू दिलं, आणि तुर्काच्या तोंडी त्याची हिंदी वळणाची बोलीही तशीच ठेवली. त्याचं मराठी शुद्ध करायला ते गेले नाहीत. शेवटी दोघे सलोख्याने एकमेकांना भेटतात. मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते शेवटचं आलिंगन नव्हे. आपल्या देवाबद्दल समोरच्याने काढलेले वाकडे शब्द स्वतःच्या हाताने नीट लिहून घ्यायचे, याला छाती लागते.

आमच्याकडे ती छाती एकदा दिसली. उन्हाळ्यात बोअरवेल घ्यायचं ठरलं. पाचशे एक म्हणाले, आमच्या गावचा पाणाड्या आणू. तळहातावर नारळ आडवा धरून चालतो आणि पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो. चारशे दोननी जाहीर केलं की हा जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, उद्या कलमासकट दाखवतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी २०१३ चा तो अख्खा कायदा कट्ट्यावर टाकला आणि खाली लिहिलं: “माझी चूक झाली. या कायद्यात गुन्हे म्हणून ठरावीक अघोरी कृत्यं आहेत. वारी, कीर्तन, भजन, उपास, नवस, मोहरमची मिरवणूक यांना हात लावलेला नाही. वास्तुशास्त्राचा, नंदीबैलवाल्या जोशाचा आणि जमिनीखालच्या पाण्याबद्दलचा सल्लासुद्धा वगळलेला आहे. पाणाड्या आणायला कायद्याची हरकत नाही. माझी आहे. त्याचे पैसे माझ्या मेंटेनन्समधून जाऊ नयेत.”

पाचशे एकनी पाणाड्याचे पैसे स्वतः दिले. चारशे दोननी भूजल पाहणाऱ्या माणसाचे. दोघांनी दाखवलेल्या जागा एकमेकींपासून वीस फुटांवर निघाल्या. बोअरवेल मधोमध घेतली. पाणी बेताचंच लागलं. दोन्ही पक्ष आपलं खरं झालं म्हणतात आणि टँकर अजून येतो.

याचा अर्थ मी वेलांटीपलीकडे कधी गेलेच नाही असा नाही. पेपरातही सगळाच मजकूर जसाच्या तसा जात नसे. छोट्या जाहिरातींत एखादे बाबा यायचे, अमुक आजार तमुक दिवसांत खात्रीने बरा. तिथे ‘मुक्काम त्यांचा’ हा नियम चालत नाही. जादुई उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आहे. कट्ट्यावरही कुणी म्हणालं, ‘मी रोज जप करते, मला बरं वाटतं’, तर त्यांचा मुक्काम त्यांना लखलाभ. पण ‘औषध सोडा, हा अंगारा लावा’ म्हणालं की मी समासातून थेट ओळीत येते. तसाच ‘हा मेसेज अकरा जणांना पाठवा, नाहीतर’वाला. लहानपणी हाच मजकूर पोस्टकार्डावर यायचा आणि आई ते कार्ड चुलीत घालून देवापुढे दिवा लावायची. तिला दोन्हींत विसंगती दिसत नसे. आता तर देवाला अकरा जण हवेत आणि कंपनी २०१८ पासून एका वेळी पाचच देते. ‘मी मानते’ आणि ‘तू मान, नाहीतर बघ’ ही दोन वाक्यं वेगळ्या वळणाची आहेत. पहिल्यात बोलणाऱ्याने स्वतःचं दार उघडलेलं असतं. दुसऱ्यात तो आपलं दार ठोठावत असतो.

अज्ञानातून झालेल्या चुकांचं मात्र मला काही वाटत नाही. एका वर्षी पाचशे एकनी मोठ्या प्रेमाने, मेणबत्त्यांच्या चित्रासह लिहिलं, “एकशे पाच यांस गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा!” पाठोपाठ एकोणीस जणांनी फुलं पाठवली. मी डोक्याला हात लावला. येशूला क्रुसावर चढवलं तो हा दिवस, शोकाचा. एकशे पाच वसईचे, घरात उपास. तासाभराने त्यांचं उत्तर आलं, “आभार. आज आमचा दुखवट्याचा दिवस. या शुभेच्छा फ्रिजमध्ये ठेवतो, रविवारी ईस्टरला काढतो.” रविवारी त्यांनी पाचशे एकच्या दारी केक पाठवला, बिनअंड्याचा. पुढे मोहरम आला तेव्हा पाचशे एकनी आधी मला विचारलं, “हे शुभेच्छांचं आहे की दुखवट्याचं?”

आता चारशे दोनच्या आजींबद्दल. त्या कट्ट्यावर कधीच नव्हत्या. त्यांच्याकडे साधा, बटणांचा फोन होता. पण संध्याकाळी लिफ्टपाशी बाकावर बसत तेव्हा तो बाक हाच खरा कट्टा असे. गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर शेंगदाण्यांची पिशवी. येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘राम कृष्ण हरी’ म्हणत. तीनशे दोनची मुलं ‘सलाम, आजी’ म्हणत, तर त्या ‘सलाम, बाळा, राम कृष्ण हरी’ असं दोन्ही देत. सप्टेंबरात एकशे पाचवाले वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला जाऊन येत. तिला आपल्याकडची जुनी माणसं मोत माऊली म्हणतात. तिथे नवसाला मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाचं घर वाहतात. एकशे पाचवाल्या जत्रेतून आणलेले चणे आजींच्या हातावर ठेवत आणि आजी ते कपाळाला लावून तोंडात टाकत. “माऊलीचंच की,” म्हणत. आळंदीची माऊली आणि वांद्र्याची माऊली, नाव एकच असल्यावर त्यांना पुढची चौकशी करावीशी वाटत नसे.

अशा आईच्या पोटी चारशे दोन. एका भिंतीला तिचा देव्हारा, समोरच्या भिंतीला त्यांची पुस्तकं. पालखीच्या प्रस्थानाला ते दरवर्षी आईला गाडीने आळंदीला नेत. स्वतः देवळात जात नसत. बाहेर आईच्या चपला धरून उभे राहत. एकदा पाचशे एकनी ते पाहिलं आणि परत येऊन मला मुद्दाम सांगितलं. टोमणा मारतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले, “चांगल्या धरतो हो चपला.”

गेल्या माघात आजी गेल्या. झोपेतच. सकाळी सहाला मला चारशे दोनचा निरोप आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. सूचनेत टाकायचा मजकूर होता, टाकण्याआधी वाचून पाहा म्हणून. चार ओळी. आजींचं नाव, वय, अंत्ययात्रा किती वाजता निघणार. त्यांच्या नेहमीच्या टँकरच्या निरोपासारख्याच कोरड्या. फक्त सुरुवात अशी होती: ‘आमच्या मातोश्री तिर्थरूप वै.’ आणि पुढे नाव.

मी ते ‘वै.’ पुष्कळ वेळ पाहत राहिले. ‘वैकुंठवासी’ नको म्हणणारा माणूस. त्यांच्या नकाशावर वैकुंठ नावाचं गाव नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत. आईलाही माहीत होतं. पण तिला जिकडे जायचं होतं तिथवरचं तिकीट त्यांनी स्वतः काढून दिलं होतं, आणि बहुधा स्टेशनाबाहेर चपला धरून उभे होते.

मजकुराखाली त्यांनी विचारलं होतं, “ताई, बरोबर आहे ना?”

ते काय विचारताहेत हे मला कळलं. एवढी वर्षं निधनवार्ता वाचून तेवढं कळायला हवं. तरी मी माझ्या समासातच राहिले. लिहिलं, “तीर्थरूपमधली ‘ती’ दीर्घ. बाकी सगळं बरोबर आहे.”